आधी सुई, मग ग्लोव्हज

आमच्या मास्टरनं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी ‘साडेबावीस’. खांद्यापासून मनगटापर्यंत माझा हात साडेबावीस इंच भरला आणि त्याच दिवशी माझं नवं बारसं झालं. शीतल, माझी स्पारिंगची जोडीदारीण, तांड्यावरून सायकलनं यायची. तिचे हात लांब, म्हणून ती ‘चोवीस’. एकदा मी भांडले. म्हटलं, मास्टर, मला नाव आहे, आईबापानं हौसेनं ठेवलंय. तर म्हणाले, “माय-बाप तोंड पाहून नाव ठेवतेत वं. मी टेप लावून ठेवलं. मंग कोणाचं पक्कं?” आता अशा माणसाशी काय बोलायचं!

मास्टर म्हणजे टेलर मास्टर. घाटंजीच्या बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान, अजूनही आहे. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पँट, जुन्या कपड्यांचं उसवणं-शिवणं, जे येईल ते. आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये आम्हा पोरींना बॉक्सिंग. गावाला वाटायचं, या माणसाचा एखादा टाका सुटलेला आहे. आमच्याकडे पोरं कबड्डी खेळतात, फार तर क्रिकेट. पोरींनी एकमेकींच्या तोंडावर ठोसे मारायचे आणि त्यासाठी पहाटे उठायचं, हे कोणाच्या पचनी पडणार? पण ब्लाउज त्यांच्यासारखा बसवणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून बायका तोंडावर काही बोलत नसत.

मी आज एसटीत कंडक्टर आहे, राळेगाव, घाटंजी, यवतमाळ अशा फेऱ्या करते. खिडकीच्या जागेवरून माणसं हातघाईवर आली की मी मध्ये पडते, तेव्हा मास्टर हटकून आठवतात. आणि मास्टर आठवले की त्यांचा डोळा आठवतो. त्यांचं सांगायचं म्हणजे त्या डोळ्याचंच सांगावं लागेल. पण आधी माणूस कसा होता ते तर ऐका.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती फाटक्या बाहीवरून. बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर एका पोरानं माझी वेणी ओढली आणि मी त्याचं नाक फोडलं. झटापटीत गणवेशाची बाही खांद्यातून निघाली. आई शाळेत खिचडी शिजवायची, तिला नवा गणवेश कुठून परवडणार? रस्ताभर मला शिव्या घालत ती मला दुकानात घेऊन गेली. मास्टरनी बाही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि आईकडे न बघता मला विचारलं, “कोणत्या हातानं मारलं?”

“डाव्या.”

“उजव्यानं काहून नाही?”

“उजव्यात थैली होती.”

मास्टर खूश! आईला म्हणाले, “वहिनी, पोरगी सकाळी धाडा. हिनं थैली नाही सोडली पाह्य!” आईला वाटलं, शिवण शिकवतात. पुढे बरेच दिवस तिचा तोच समज होता आणि मीही तो मोडला नाही.

त्यांच्या शेडमधलं सगळं त्यांनीच शिवलेलं. रिंगणाला दोर म्हणून खाटेची नवार, चारी बाजूंनी ताणून शिवलेली. हातावर गुंडाळायच्या पट्ट्या जुन्या सुती लुगड्यांच्या. ठोसे झेलायच्या गाद्या गोधडीच्या. आणि लटकवलेली बॅग ताडपत्रीची, आत चिंध्या आणि सरकी. आता सरकी भरायची अक्कल कोणाची? शेजारच्या गवळ्याची म्हैस एका दुपारी शेडमध्ये घुसली, तिनं बॅग शिंगानं उसवली आणि सरकी खाऊन मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन बघतो तर नुसत्या चिंध्या लोंबतायत! आम्ही गवळ्याशी भांडायला निघालो, तर मास्टर कौतुकानं म्हणाले, “राहू द्या. महिनाभर तुम्ही मारून राह्यल्या, शिवण नाही उसवली. तिनं एका दिवसात उसवली. तिच्यापासून शिका काही.” नंतर बॅगेत भुसा भरला, पण म्हशीचं कौतुक काही संपलं नाही.

पण खरी गंमत सुईची. रिंगणाशेजारी एक बाकडं, त्यावर सुयांची डबी आणि दोऱ्याचं रीळ. स्पारिंगला, म्हणजे आपसातल्या सरावाच्या लढतीला, उतरायच्या आधी प्रत्येकीनं एक सुई ओवायची. ओवली तरच हाताला पट्टी, पट्टी झाली तरच ग्लोव्हज. नाही ओवली तर त्या दिवशी दोरीवरच्या उड्या मारा आणि घरी जा. का, तर म्हणे, “हात थरथरते म्हणजे डोक्यात राग हाय. राग घेऊन आत गेली तं तू खेळत नाही, झोडपते. झोडपाचं असन तं घरी जा, धुणं पडलं असन.”

माझ्याइतक्या उड्या त्या शेडमध्ये कोणी मारल्या नसतील! मी रोज कोणाशी ना कोणाशी भांडून यायची. आईशी, शाळेतल्या बाईंशी, वाटेत कुत्र्याशीसुद्धा. सुई हातात घेतली की दोरा एकीकडे आणि सुईचं नेढं दुसरीकडे. शीतल मात्र आली की ओठात दोरा धरायची, एका झटक्यात ओवायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मग मला अजून राग. हळूहळू मला कळलं, की घरून निघाल्यापासून राग उतरवत यायला लागतं. सायकल हळू चालवायची, कुत्र्याकडे बघायचं नाही. ओवलेल्या सुया मास्टर लाल मखमलीच्या गादीत टोचून दुकानात घेऊन जायचे. दिवसभराची तुरपाई आणि बटणं त्याच सुयांवर. आम्ही चिडवायचो, “मास्टर, सुया ओवाले फुकट मजूर ठेवले ना?” ते हसायचे आणि गादी छातीशी धरून निघायचे.

स्पारिंग त्यांना जिवापाड प्रिय. सामना म्हटला की निरुत्साही, पण स्पारिंग म्हटलं की अंगात यायचं. म्हणायचे, “हे कच्ची शिलाई हाय पोरीहो. लांब-लांब टाके घालाचे, अंगावर चढवून पाहाचं, कुठं काचते, कुठं लोंबते. मंग उसवाचं. उसवाची लाज नाही. पक्की शिलाई तिकडे, सामन्यात.” जोरात मारलं की ओरडायचे. कोणाच्या नाकातून रक्त आलं की मारणारीलाच उन्हात उभी करायचे.

आणि त्यांचा तो नियम! तसा नियम मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. ठोसा लागला की खेळ थांबायचा. जिनं मारला तिनं समोरचीला सांगायचं, दार कुठं उघडं होतं. कोपर वर गेलं होतं, हनुवटी पुढे आली होती, जे असेल ते, सगळ्यांसमोर आणि मोठ्यानं. जिला लागला तिनं ‘कबूल’ म्हणायचं. कबूल म्हटल्याशिवाय पुढची फेरी सुरू नाही. मला हे मुळीच पटायचं नाही. मी एवढ्या मेहनतीनं तिची चूक शोधायची आणि तिलाच सांगून टाकायची? म्हणजे ती उद्या दार लावून घेणार, मग मी मारू कुठे? एकदा मी हे बोलून दाखवलं. मास्टर टेपशी चाळा करत सांगायला लागले. तरुणपणी ते नागपूरला एका शिलाईच्या दुकानात कामाला होते, तिथंच बॉक्सिंग शिकले. स्पारिंगला एक दोस्त होता. वर्षभर दोघं एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. त्या दोस्तानं मास्टरची चूक पहिल्याच महिन्यात हेरली होती. सांगितली नाही. जपून ठेवली आणि स्पर्धेत समोरासमोर आले तेव्हा बरोबर तिथंच मारलं. “पडलो त्याचं दुःख नाही वं,” मास्टर म्हणाले, “पण त्याले दिसत होतं अन् तो माह्यासंगं जेवत होता.”

त्यानंतर मी त्या नियमावर वाद घातला नाही.

आता डोळ्याचं. अमरावतीला विभागाची निवड चाचणी होती. शीतल वरच्या वजनगटात गेली होती, माझ्या वजनगटात आमच्यातली मी एकटीच. आठवडा उरला होता आणि शीतलला ताप भरला. बाकीच्या पोरी नवख्या. मी पाय आपटायला लागले तसे मास्टर म्हणाले, “रडू नोको. आज मीच उभा राह्यतो.” अधूनमधून ते उभे राहायचे. मारायचे नाहीत, नुसतं अडवायचे.

मी डावा हूक टाकला. बाहेरून वळसा घालून जाणारा, हलकाच. तो थेट त्यांच्या उजव्या गालावर बसला. मला वाटलं, मुद्दाम खाल्ला. पण एक गोष्ट खटकली. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, की ठोसा येताना दिसला की पापणी लवतेच, कितीही मोठा खेळाडू असो. मास्टरची पापणी लवली नव्हती. मी परत हात तिकडून नेला. मारला नाही, नुसता ग्लोव्ह त्यांच्या उजव्या कानाजवळ नेऊन धरला. मास्टर समोर बघत हसत होते, “चाल ना, थांबली कायले?” ग्लोव्ह कानाजवळ तसाच आणि त्यांना पत्ता नाही. माय वं!

“साडेबावीस, ठोसा लागला ना?” मास्टर म्हणाले. “मंग सांग. दार कुठं होतं?”

“उजवीकडे, मास्टर.”

“उजवीकडे? माहा हात तं वर होता.”

“हात वर होता. डोळा नव्हता.” मी ग्लोव्ह खाली घेतला. “तुमाले उजव्या डोळ्यानं दिसत नाही, मास्टर.”

मास्टरनी ग्लोव्ह दातांनी ओढून काढला. “काही बी बोलते! घाम गेलता डोळ्यात. चला, झालं आजचं.”

“कबूल म्हणा ना मास्टर.”

“चूप बस!” असे ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. सुयांची गादी तिथंच विसरून निघून गेले. जाताना दाराच्या उजव्या चौकटीला त्यांचा खांदा धडकला. तो खांदा रोजच धडकायचा, आम्हाला वाटायचं माणूस धांदरट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या आलो. सुया ओवल्या, पट्ट्या बांधल्या आणि नवारीच्या बाहेर उभ्या राहिलो. मास्टर म्हणाले, जा आत. कोणी गेलं नाही. शीतल तापातून उठून आली होती, डोक्याला मफलर. ती कधी जास्त बोलायची नाही. तीच म्हणाली, “मागची फेरी सरली नाही मास्टर. कबूल बाकी हाय.”

“मले नियम सांगता? म्या बनवला तो नियम!”

“म्हणूनच तं,” शीतल म्हणाली.

मास्टर लालबुंद झाले. म्हणाले, मग मारा उड्या. आम्ही उड्या मारल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. चाचणी डोक्यावर आलेली आणि स्पारिंग बंद! एकदोन पोरी कुरकुरल्या, म्हातारा हट्टी आहे, आपलंच नुकसान होतंय. मी त्यांना गप्प केलं. खरं सांगते, मला चाचणीचं काही वाटत नव्हतं. हा माणूस आंधळा होईल आणि आपण दोरीवर उड्या मारत बघत बसू, याचीच मला भीती वाटत होती.

मग एका सकाळी काकू आल्या, मास्टरच्या बायको. दुकानात काज-बटणाचं काम त्याच करायच्या. शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पदर खोचून बाकड्यावर बसल्या.

“तू कायले आली?” मास्टर म्हणाले.

“पोरीइच्या बाजूनं आली. दोन वर्षं झाले, दोऱ्याचा रंग मी पाहून देते. परवा हिरव्या ब्लाउजले निळा दोरा लावला यायनं, रातभर बसून मी उसवला. दवाखान्यात चला म्हटलं तं म्हणतेत, चष्म्याचा नंबर वाढला.”

“वाढलाच हाय!” मास्टर ताडकन उठले. “मी टेलर हाय. डोळा गेला असता तं शिवलं असतं का म्या? आणा ती सुई. आताच दाखवतो तुमाले.”

बाकड्यावर बसले. चष्मा पुसला. दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, पीळ दिला, सुई उजेडाकडे धरली. दोरा सुईच्या बाजूनं निघून गेला. परत ओला केला. परत बाजूनं. सुई जवळ आणली, लांब नेली, मान तिरपी केली. टिनावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नख्यांचा आवाज येत होता. शीतलचा हात आपोआप पुढे झाला, मी तो धरून ठेवला. सुई ओवायला कोणी कोणाला मदत करायची नाही, हाही त्यांचाच नियम. कपाळावरचा घाम त्यांच्या चष्म्यावर टपकला. रोज सकाळी आमच्याकडून सुया का ओवून घ्यायचे, गादी छातीशी धरून का न्यायचे, ते मला तेव्हा समजलं. राग मोजायचा म्हणून सुरू केलेल्या त्या सुयांवर आता त्यांचं दुकान चाललं होतं.

मास्टरनी सुई बाकड्यावर ठेवली.

“कबूल,” ते म्हणाले.

मग मान खाली घालून ते बोलायला लागले. “भेव वाटते वं. आंधळ्या टेलरकडे कोण कपडा टाकन? अन् तुमचे माय-बाप मले काय म्हणतीन? आंधळ्याच्या हाताखाली पोरी कोण धाडते?”

“आम्ही येऊ,” मी म्हणाले. “घरचे नाही म्हणतीन तं मी सगळ्याइच्या घरी जाऊन भांडीन.”

“तू तं भांडशीनच,” मास्टर म्हणाले आणि डोळे पुसत हसले.

काकू आणि मी त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. उजवा डोळा काचबिंदूनं संपला होता, तो परत येणार नव्हता. डाव्यात मोतीबिंदू आणि काचबिंदूची सुरुवात. ऑपरेशन आणि रोजचं औषध केलं तर तो वाचेल म्हणाल्या. काकूंनी विचारलं, आधी आलो असतो तं? बाईंनी कागदावर औषधं लिहायला घेतली. येताना बसमध्ये मास्टर मला म्हणाले, “पोरी, मलेच दिसत होतं की दिसत नाही. पण म्या दुसऱ्याले सांगतलं नाही.”

ऑपरेशनची तारीख आली ती नेमकी चाचणीच्या दिवशी. मी म्हटलं, मी नाही जात अमरावतीला. मास्टर म्हणाले, “मंग मी बी नाही जात नागपूरले.” काय करता! मी गेले. दुसऱ्याच लढतीत हरले, तेही चांगली हरले. ग्लोव्हज काढल्यावर मी जिंकलेल्या पोरीकडे गेले आणि विचारलं, “माहं दार कुठं होतं?” तिला वाटलं, मार डोक्यात गेलाय. मी समजावून सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, “ठोसा मारून झाला की डावा हात खालीच राहतो तुझा.” मी तिथंच, सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं कबूल म्हटलं. तिचे सर माझ्याकडे बघतच राहिले.

मास्टर बरेच आठवडे आले नाहीत. शेडची किल्ली शीतलकडे होती. आम्हीच सुया ओवायचो, आम्हीच दारं सांगायचो, आणि सुयांची गादी मी रोज दुकानात काकूंकडे नेऊन द्यायची.

मग एका सकाळी ते आले. डोळ्यांना जाड चष्मा, चेहरा उतरलेला, गळ्यात टेप होताच. दाराशी थांबले, उजव्या हातानं चौकट चाचपली आणि जपून आत आले. बाकड्यावर बसले. माझ्याकडे मान पूर्ण वळवून बघितलं, आता त्यांना तसंच बघावं लागणार होतं.

“साडेबावीस. हरली म्हणे?”

“हाव.”

“दार?”

“डावा हात खाली राह्यते.”

“कबूल म्हटलं का?”

“म्हटलं.”

“बस मंग. ओव सुई.”

मी बसले. डबीतून सुई घेतली, दोरा ओला केला. पण दोरा कुठे जातोय आणि सुई कुठे आहे, मला काही दिसेना. डोळे भरून आले होते. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं, मग सुईच हातातून निसटली. मागे पोरी खुसखुसायला लागल्या, पण शीतल हसली नाही.

मास्टरनी बाकड्यावर हात फिरवत सुई शोधून उचलली. दोरा माझ्या बोटांतून काढून घेतला. सुई अगदी डाव्या डोळ्याजवळ नेली. एकदा बाजूनं गेला. मान थोडी कलती केली, श्वास धरला, आणि दोरा आत गेला. त्यांनी तो पलीकडून ओढला, गाठ मारली, लाल गादीत सुई टोचली आणि माझ्याकडे बघितलं.

“तुहा हात थरथरून राह्यला, साडेबावीस,” मास्टर म्हणाले. “जा, उड्या मार. आज तुले स्पारिंग नाही.”